मोटारीतली शेगडी

वैशाखातल्या भर दुपारी भिलाईच्या नेहरूनगर चौकात उभे राहून कोणी मोटार ऊबदार ठेवण्याच्या यंत्राची गोष्ट काढली, तर ऐकणारा मनुष्य सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहील. पारा ४५ अंशांच्या आसपास गेलेला, जी. ई. रोडवरचे डांबर पायांखाली मऊ झालेले, आणि पलीकडे पोलाद कारखान्याच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या. अशा गावी उष्णतेची उणीव कोणाला भासावी? तरीसुद्धा या गावात, किंवा नागपुरात, पुण्यात, मुंबईत, एखाद्या घराच्या आवारात ताडपत्रीखाली जपून ठेवलेली जुनी विलायती स्पोर्ट्स कार असली, तर तिच्या पोटात एक लहानशी शेगडी असण्याचा बराच संभव असतो. ही शेगडी जोवर निमूटपणे बसून आहे, तोवर तिची आठवण कोणाला होत नाही. ती गळू लागली म्हणजे मात्र मालकापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो वाटतो तितका क्षुल्लक नाही. गळती थांबवावयाची, की शेगडीच कायमची तोडून टाकावयाची? दुरुस्त करावयाची, तर करणारा हात कोठे मिळेल? आणि बदलावयाची, तर नेमकी कोणती आणावयाची?

या शेगडीत कोळसा जळत नाही, की तार तापत नाही. पेट्रोलच्या एंजिनात जळणारे इंधन जेवढी शक्ती देते, तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांच्या कामी येतो. सुमारे तिसरा हिस्सा एंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरतो, आणि बाकीचा बहुतेक धुराबरोबर निघून जातो. पाण्यातली उष्णता पुढल्या मोठ्या रेडिएटरमधून हवेत उधळली जाते. त्या उधळपट्टीतला थोडा वाटा वळवून घ्यावा, त्याच गरम पाण्याचा एक फाटा गाडीच्या आत आणावा, तेथे एका छोट्या जाळीतून तो फिरवावा आणि पंख्याने त्या जाळीवरून हवा सोडावी, एवढीच या योजनेतली कल्पना आहे. इंग्रज कारागीर त्या जाळीला मॅट्रिक्स म्हणतात, अमेरिकन लोक कोअर म्हणतात. आपल्याकडे तिला हीटरची जाळी म्हटले म्हणजे काम भागते. रचनेने ती मोठ्या रेडिएटरची धाकटी बहीणच होय: दोन टोकांना पितळेच्या दोन टाक्या, मध्ये चपट्या पातळ नळ्यांच्या रांगा, नळ्यांच्या दरम्यान तांब्याच्या कागदासारख्या पत्र्याच्या झालरी, आणि हे सारे एकत्र धरून ठेवणारा कथील व शिसे यांचा डाख.

भिलाईच्या श्रोत्यांना ही कल्पना परकी वाटू नये. झोतभट्टीतून निघणारा वायू वाया न घालवता तो जाळून विटांचे उंच मनोरे तापवावयाचे आणि त्या मनोऱ्यांतून भट्टीत जाणारी हवा गरम करून घ्यावयाची, ही युक्ती एडवर्ड काउपर या इंग्रज अभियंत्याने १८५७ साली पेटंट केली, आणि भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली तीही याच तत्त्वावर. टाकाऊ उष्णतेला पुन्हा कामाला जुंपणे हा धर्म दोन्हींकडे एकच. फरक आकाराचा, एकीकडे मनोरा, दुसरीकडे शिसवी पेटीएवढी जाळी.

मोटारीत हीटर बसवण्याची चाल अमेरिकेत आधी रुजली. नॅश कंपनीने १९३८ साली बाहेरची ताजी हवा गाळून, गरम पाण्याच्या जाळीवरून तापवून आत सोडण्याची जी रचना केली, तिचाच ढाचा पुढे जगभर चालला. इंग्लंडात मात्र स्पोर्ट्स कार चालवणारा मनुष्य थंडीला भिणारा नसावा, अशी एक मर्दानी समजूत बराच काळ होती. त्यामुळे १९५५ ते १९६२ या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडलेली एमजीए घ्या, की तिच्यानंतर १९८० पर्यंत चाललेली एमजीबी घ्या, आरंभीच्या अनेक गाड्यांत हीटर ही ज्यादा दाम मोजून घ्यावयाची वस्तू होती. ज्याने दाम मोजले नाहीत, त्याच्या एंजिनाच्या शीर्षावर, जेथे गरम पाण्याची तोटी यावयाची तेथे, एक चकती घट्ट बसवून दिली जाई. म्हणूनच दोन गाड्या बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसल्या, तरी आत एकीत शेगडी आहे आणि दुसरीत नाही, असे आढळते. या जाळ्या आणि त्यांच्या पेट्या बहुधा स्मिथ्स या इंग्रज कंपनीच्या असत. तीच कंपनी गाड्यांची घड्याळे आणि वेगमापकेही करी.

हिंदुस्थानात या एंजिनांचे एक नातेवाईक घराणे मोठे झाले, याचा जुन्या गाड्यांच्या मालकांना आजही आधार वाटतो. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने २०१४ पर्यंत बनवलेल्या अ‍ॅम्बॅसडर गाडीत अनेक वर्षे जे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल एंजिन होते, ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी मालिकेतले; आणि पहिल्या एमजीएचे एंजिन त्याच मालिकेतले, त्याच मापाचे. जी गाडी सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्यांशी उभी राहून म्हातारी झाली, तिच्या आणि रुबाबदार लाल एमजीच्या अंगात एकच रक्त खेळत होते म्हणावयाचे. म्हणूनच अ‍ॅम्बॅसडरवर हात बसलेला मिस्त्री एमजीचे झाकण उघडताच बावरून जात नाही. पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, रबरी नळ्या यांची ओळख त्याला पटते. अडतो तो हीटरपाशी, कारण अ‍ॅम्बॅसडरमध्ये किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातल्या फियाटमध्ये या प्रांताने हीटरची मातब्बरी कधी ठेवलीच नाही.

येथेच खरी हानी होते. गाडीत पाणी झिरपते अशी तक्रार आली, की पहिला उपाय सुचतो तो हीटरच्या दोन नळ्या काढून एकमेकींना जोडून देण्याचा. दहा मिनिटांचे काम आणि खर्च जवळजवळ शून्य. उन्हाळ्याच्या प्रदेशात हा सल्ला शहाणपणाचाच भासतो. परंतु त्याचे परिणाम हळूहळू दिसू लागतात. तोडलेल्या जाळीत राहिलेले पाणी कुजते, त्यातले गंजरोधक संपते आणि चार वर्षांत जी जाळी एका डाखाने सुधारली असती, ती चाळणी होऊन बसते. शिवाय हीटरचे काम पाय शेकण्यापुरते नाही. पावसाळ्यात खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात ज्याने उघड्या टपाची गाडी टप चढवून चालवली असेल, त्याला ठाऊक आहे की आतल्या दमट श्वासाने दर्शनी काच क्षणात आंधळी होते आणि बाहेरची पुसणी तिथे काहीच करू शकत नाही. त्या काचेवर गरम कोरडी हवा सोडणारी वस्तू तीच, जी मिस्त्रीने अनावश्यक म्हणून तोडली. आणखी एक उपयोग जुन्या ड्रायव्हरांना पक्का माहीत असतो. चढावर एंजिन तापून काटा लाल खुणेकडे सरकू लागला, तर हीटर पूर्ण उघडून पंखा जोरात लावावा. आतल्यांना घाम फुटतो खरा, पण एंजिनाला एक जादा रेडिएटर मिळतो आणि चढ पार होतो. भिलाईच्या उन्हात या शेगडीचा खरा उपयोग कदाचित हाच असावा.

समजा, नेहरूनगरातल्या एखाद्या गृहस्थाजवळ अशी एक एमजीबी आहे, आणि एके सकाळी गाडीच्या आतला गालिचा त्याला ओला लागला. येथे घाई करू नये. ओला गालिचा म्हणजे हीटर फुटला असे समजणे हा सर्वांत जुना गैरसमज आहे. या गाडीत काचेच्या पुढल्या बाजूला हवा आत घेणारी जाळी आहे. तिच्यातून पावसाचे किंवा गाडी धुण्याचे पाणी आत येते, आणि ते वाहून जाण्यासाठी खाली एक रबरी नळी सोडलेली असते. ती नळी पालापाचोळ्याने तुंबली, की पाणी तुंबून पायांशी उतरते. तेव्हा पहिला प्रश्न असा की हे पाणी पावसानंतर येते, की गाडी चालवल्यानंतर? दुसरा प्रश्न असा की पांढऱ्या कागदावर टिपले असता त्याला हिरवट वा तांबूस छटा आणि बोटांना किंचित ओशट स्पर्श आहे काय? एंजिनाच्या पाण्यात मिसळलेले ग्लायकॉल असा स्पर्श देते, आणि तापल्यावर त्याचा गोडसर वास गाडीत दरवळतो. काचेच्या आतून एक तेलकट पडदा बसतो, जो कितीही पुसला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उमटतो. काही जुने मिस्त्री असे पाणी जिभेला लावून निवाडा करतात. ही खोड सोडून द्यावी. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असले तरी विष आहे, आणि अंगणात सांडलेल्या थारोळ्याकडे लहान मूल किंवा कुत्रे त्याच गोडीने वळते.

वास गोड आहे, काच तेलकट आहे आणि रेडिएटरची पातळी दर आठवड्याला उतरते आहे, असे ठरले तरी दोष जाळीचाच असतो असे नाही. एंजिनाच्या शीर्षावर मागल्या अंगाला गरम पाण्याची तोटी असते. डॅशबोर्डवरची कळ फिरवली की तारेने ती उघडते. त्या तोटीतला पडदा जुना झाला की ती गळते, पण तिचे पाणी एंजिनाच्या अंगावरून खाली ओघळते, गाडीत येत नाही. नळीच्या तोंडाशी असलेला पट्टा सैल झाला तरी पाणी बाहेरच पडते. आत, पायांशी, हवेच्या झडपेतून थेंब उतरत असतील, तर मात्र बोट जाळीकडेच दाखवावे.

गळती नाही, पण हीटर गरम होत नाही, अशी दुसरी तक्रार असते. तिचा निकाल दोन हातांनी लागतो. एंजिन चांगले तापवून बंद करावे, तोटी उघडी ठेवावी आणि जाळीला जाणारी व जाळीतून येणारी अशा दोन्ही नळ्यांना जपून हात लावावा. दोन्ही गरम असतील तर पाण्याचा प्रवाह ठीक आहे. दोष पंख्यात, झडपेत किंवा झालरीत साचलेल्या धुळीत शोधावा. एक गरम आणि एक थंड असेल तर जाळी आतून तुंबली आहे. दोन्ही थंड असतील तर तोटी उघडत नाही, किंवा वर हवा अडकली आहे, किंवा थर्मोस्टॅट उघडा राहिल्याने एंजिनच पुरते तापत नाही. विलायती गाडीत नेहमी ८२ अंशांचा थर्मोस्टॅट असे, आणि उष्ण देशांसाठी ७४ अंशांचा. कोणीतरी शहाण्याने उन्हाच्या भीतीने तो समूळ काढून टाकलेला असणे हेही आपल्याकडे नवल नाही.

तुंबण्याचे कारण या भूमीत पायांखालीच पसरलेले आहे. भिलाईच्या झोतभट्ट्यांना लागणारा चुनखडीचा दगड दुर्ग जिल्ह्यातल्याच नंदिनी खाणीतून येत आला आहे. जी चुनखडी कारखान्याला धातूतला मळ काढण्यासाठी हवी, तीच भूगर्भातल्या पाण्यात विरघळून विहिरीतून आणि कूपनलिकेतून वर येते. असे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतले की तापल्यावर चुना बाहेर पडून नळ्यांच्या आतून थर धरतो, जसा घरच्या बंबाच्या तळाशी धरतो. मोठ्या रेडिएटरच्या नळ्या त्यातून काही वर्षे तग धरतात. हीटरची जाळी बारीक असल्याने ती आधी गुदमरते. तिच्यावर दुसरा घाव घालतात ते रस्त्यावरचे घरगुती उपाय. रेडिएटर गळू लागला की त्यात मूठभर हळद टाकण्याची रीत ट्रकवाल्यांत सर्वदूर आहे, आणि ती मुक्कामाला पोहोचवते यात संशय नाही. परंतु हळदीला बरे भोक कोणते आणि वाईट कोणते हे समजत नाही. बाजारात डब्यातून मिळणारी गळतीबंद भुकटीही त्याच जातीची. आडवाटेला अडल्यावर हे उपाय क्षम्य आहेत. घरी येऊन ते धुऊन काढले नाहीत तर पहिला बळी हीटरचा जातो.

आता जाळी बाहेर काढण्याचे काम. एमजीबीत हे काम इतके कुप्रसिद्ध आहे की अनेक मालक त्याच्याच धास्तीने वर्षानुवर्षे गोड वास सहन करतात. हीटरची सबंध पेटी एंजिनामागच्या पडद्यावर एका फळीत बसवलेली असते आणि तिचा खालचा भाग गाडीच्या आत उघडतो. थंड एंजिनाचे पाणी काढून घ्यावे, नळ्या सोडवाव्यात, पंख्याच्या तारा सुट्या कराव्यात, आत शिरून काचेकडे जाणारे हवेचे नळ आणि कळीच्या तारा मोकळ्या कराव्यात, मग स्क्रू. इतके करूनही पेटी हलत नाही, कारण तिच्याखालचा स्पंजाचा पट्टा अर्धशतकाच्या उष्णतेने चिकटून डिंक झालेला असतो. येथे पहार लावणारे लावतात आणि पत्रा वाकवून बसतात. एका अंगाने किंचित उचलावे, थांबावे, दुसऱ्या अंगाने उचलावे. कडक झालेली रबरी नळी जाळीच्या तोटीवरून पिळून ओढू नये. सुरीने लांबीत चिरून सोलून काढावी. नवी नळी थोड्या पैशांत येते, पण पिरगळून मोडलेली पितळी तोटी म्हणजे दुसरी दुरुस्ती होय.

जाळी हातात आली म्हणजे ओळख पटवण्याचा प्रश्न येतो, आणि परदेशातून नवी मागवावयाची असेल तर येथे झालेली चूक महिन्याभराने पार्सल उघडल्यावर कळते. गाडीचे नाव आणि वर्ष एवढ्यावर विसंबणे बरे नव्हे. कारखान्यात एकाच नावाखाली वेगवेगळ्या मापांच्या जाळ्या बसवल्या गेल्या, आणि पन्नास-साठ वर्षांत चार मालकांच्या हातून गेलेल्या गाडीत कोणी काय बसवले असेल याचा नेम नसतो. म्हणून आधी चासी क्रमांक टिपून घ्यावा. जुन्या सुट्या भागांच्या याद्या त्याच क्रमांकावर चालतात. टाकीवर ठोकलेला छाप वायरच्या ब्रशाने नव्हे, तर चिंधीने आणि घासलेटने स्वच्छ करून वाचावा. मग पट्टी घ्यावी. झालरीच्या भागाची उंची, रुंदी आणि जाडी. टाक्या धरून एकूण लांबी. नळ्यांच्या रांगा किती. दोन्ही तोट्या एकाच बाजूला आहेत की समोरासमोर. त्या कोणत्या कोनात वाकल्या आहेत. आणि तोटीचा बाहेरचा व्यास. हा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून थांबू नये. या गाड्या इंचांच्या राज्यातल्या आहेत. तोटी अर्ध्या इंचाची असेल किंवा पाच अष्टमांश इंचाची, म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर. आपल्या देशाने १९५८ पासून दशमान पद्धती स्वीकारली आणि बरे केले, पण इंचाची नळी मिलिमीटरच्या तोटीवर ओढूनताणून बसवली, की पहिल्याच दाबाला ती घसरते. एक गोष्ट आणखी, आणि ती कागदावर चित्र काढूनच टिपावी: तोट्यांकडे तोंड करून पाहता गरम पाणी कोणत्या तोटीतून आत येते ते. डाव्या आणि उजव्या सुकाणूच्या गाड्यांचे भाग एकत्र ठेवलेल्या दुकानातून मागवताना ते चित्र शंभर शब्दांचे काम करते.

सर्व मापे जुळली तरी नवी जाळी घ्यावीच असे नाही. जुनीत तांबे आणि पितळ आहे. नवी बहुधा हलकी आणि पातळ असते, कधीकधी अ‍ॅल्युमिनियमची. तांबे अ‍ॅल्युमिनियमपेक्षा उष्णता बऱ्याच अधिक वेगाने वाहून नेते आणि वारंवार डाख स्वीकारते. अ‍ॅल्युमिनियमचे वजन तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, आणि याच कारणाने गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मोटार कारखान्यांनी तांब्याला रजा दिली. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या असतात. ती फुटली की टाकून द्यावयाची, अशीच तिची जन्मकुंडली. जुन्या जाळीची कुंडली वेगळी आहे. ती दुरुस्त करता येईल अशाच बेताने घडवलेली आहे.

दुरुस्तीपूर्वी परीक्षा. जाळीला आधी उलट्या बाजूने साध्या नळाच्या मंद धारेने धुवावे, म्हणजे ज्या वाटेने मळ आला त्याच वाटेने तो परत जातो. चुना असेल तर लिंबूसत्त्वाचे पातळ कोमट द्रावण तासभर भरून ठेवावे, ओतून टाकावे, पुन्हा भरावे. पायखाना धुण्याचे कडक आम्ल वापरण्याचा मोह होतो. ते चुना खाते तसे पितळातले जस्तही खाते, आणि सकाळी गळणारी जाळी संध्याकाळी स्पंजासारखी होते. नंतर एक तोटी बुचाने बंद करावी, दुसरीला काटा असलेला हवेचा पंप जोडावा आणि जाळी कोमट पाण्याच्या टपात पूर्ण बुडवावी. जुन्या रेडिएटरच्या झाकणावर ७ ते १५ पौंडांचा आकडा असतो. आपल्या गाडीच्या झाकणावर जो आकडा असेल तेवढाच दाब द्यावा, त्याहून फार अधिक नको. टायर भरण्याच्या मोठ्या पंपाची नळी सरळ लावली तर जुना सांधा फुटून अंगावर येऊ शकतो. बुडबुडे उठतील तेथे पाण्यातच अणकुचीदार खिळ्याने खूण करावी, कारण बाहेर काढल्यावर भोक डोळ्यांना दिसत नाही. एका भोकावर समाधान मानू नये. टप शांत होऊ द्यावा, जाळी उलटी करावी, पुन्हा पाहावे.

डाखाचे काम मराठी घरांना अपरिचित नाही. दारोदार भाता घेऊन येणारा कल्हईवाला नवसागर टाकून तापल्या भांड्यावर कथील फिरवी, तेव्हा जो चंदेरी लखलखाट पसरे, तेच शास्त्र येथे आहे. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर तांब्याला ज्या आदराने हाताळतो, तोच आदर या कागदासारख्या पत्र्याला द्यावा लागतो. कथील २३२ अंशांना वितळते आणि शिसे ३२७ अंशांना. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे एकत्र केले की मिश्रण १८३ अंशांनाच पाण्यासारखे वाहते. या अंकातच कामाची सोय आणि कामाचा धोका दोन्ही आहेत. सोय अशी की तांब्याला धक्का न लावता सांधा जुळतो. धोका असा की शेजारचे सांधेही त्याच जातीच्या धातूने जुळवलेले असल्यामुळे, एक भोक बुजवताना ज्योत जरा रेंगाळली, तर पलीकडचे दोन सांधे सुटतात. म्हणून जाणता कारागीर शेजारच्या भागावर ओल्या चिंध्या बांधतो, जागा खरवडून धातू उजळ करतो, तेथे जस्त घालून मारलेले आम्ल लावतो, ज्योत मोठी न ठेवता दुरून तापवतो, आणि डाख ज्योतीला नव्हे तर तापलेल्या धातूला टेकवतो. धातू स्वच्छ आणि पुरेसा तापलेला असेल तर डाख आपण होऊन फटीत ओढला जातो; गोळी होऊन बसला तर सांधा झाला नाही असे समजावे, वर कितीही चकाकी असली तरी.

भोक टाकीच्या सांध्यात असेल तर काम एवढेच. ते आतल्या एखाद्या नळीत, झालरींच्या गर्दीत असेल तर टाकी सोडवून त्या नळीची दोन्ही तोंडे बुजवून टाकतात. वीस नळ्यांपैकी एक गेली तर उष्णतेचा विसावा हिस्सा गेला. तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. टाकी उघडलीच आहे तर बाकीच्या नळ्यांतून पोलादाची पातळ पट्टी हलक्या हाताने फिरवून उरलेला चुना पाडावा. तीन-चार नळ्या सडल्या असतील, तर मात्र डाखावर डाख देत बसण्यात अर्थ नाही. अशा वेळी जुन्या दोन्ही टाक्या आणि तोट्या राखून मधला गाभा नवा भरावा. ज्या रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानात अजून तांब्याचे काम होते, तेथे हे होऊ शकते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला जाळी मूळचीच दिसते. जुन्या गाड्यांचे भोक्ते ज्या अस्सलपणासाठी झुरतात, तो यात आहे. चकचकीत नव्या पेटीत नाही. एपॉक्सीचा लपका मात्र घाटात अडलेल्या दिवसापुरताच समजावा. तापताना तांबे आणि लपका सारख्या मापाने फुगत नाहीत, आणि तो कडेने सुटतो.

काम झाल्यावर जाळी सोड्याच्या कोमट पाण्याने आतून-बाहेरून धुवावी. राहिलेले आम्ल महिनोन्‌महिने पत्रा खात बसते, आणि त्या कारागिराचे नाव तेवढे खराब होते. पुन्हा टप, पुन्हा दाब, पुन्हा बुडबुडे पाहणे आलेच.

या धंद्याची एक काळी बाजू आहे, आणि ती दुरुस्ती करवून घेणाऱ्याला सहसा दिसत नाही. जुन्या रेडिएटरांचे डाखकाम हा शिशाच्या विषबाधेचा जगभर ओळखला गेलेला धंदा आहे. ज्योत बेताची असेल तर शिशाची वाफ फारशी निघत नाही; ती निघते धातू लालभडक तापवला म्हणजे, आणि त्याहूनही अधिक शिसे पोटात जाते ते खरवडलेल्या भुकटीतून, हात न धुता खाल्लेल्या भाकरीतून, आणि त्याच कपड्यांनी घरी जाऊन उचलून घेतलेल्या मुलाच्या अंगावरून. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बंद खोलीत, पंखा नसलेल्या टपरीत बसून आपली जाळी जोडून देणाऱ्या मनुष्याला घाई करू नये, मजुरीत घासाघीस करू नये, आणि काम उघड्यावर चालू द्यावे, एवढे गाडीच्या मालकाच्या हाती असते. तांब्याची जाळी जोडणारे हात कमी होत आहेत. नवा मुलगा हे काम शिकत नाही, कारण नव्या गाड्यांत त्याला काम नाही.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना मूळ रूपात राखल्यास व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी देण्याची तरतूद केंद्र सरकारने २०२१ साली केली. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर व्ही ए ही अक्षरे येतात, आणि चासी, सांगाडा व एंजिन यांत बदल चालत नाही. हीटरची जाळी त्या यादीत नाही. कोणी ती तोडून टाकली तरी नोंदणीला बाध येत नाही, आणि म्हणूनच ती राखावयाची की नाही हे सर्वस्वी मालकावर येते.

जाळी पेटीत परत बसवण्यापूर्वी स्पंजाचे नवे पट्टे कापून लावावेत. त्यांच्याविना गरम हवा जाळीला वळसा घालून निसटते आणि चांगली दुरुस्तीही फसल्यासारखी वाटते. झडपा मोकळ्या हलतात ना, पंखा पेटीला घासत नाही ना, हे टेबलावरच पाहून घ्यावे, कारण पेटी पुन्हा काढण्याचा उत्साह कोणाला उरत नाही. शीतक भरताना हीटरची तोटी पूर्ण उघडी हवी, नाहीतर नव्या जाळीत फक्त हवा भरली जाईल. विहिरीचे पाणी न घालता शुद्ध पाणी आणि गंजरोधक ग्लायकॉल यांचे मिश्रण घालावे आणि ते दर दोन वर्षांनी बदलावे. बिडाचे एंजिन, तांब्याची जाळी आणि कुठे अ‍ॅल्युमिनियमचा सांधा, असे निरनिराळे धातू एकाच पाण्यात बुडालेले असतात. गंजरोधक संपले की त्यांच्यात विजेच्या घटासारखा व्यवहार सुरू होतो, आणि त्यात एकाला तरी झिजावेच लागते.

मग एंजिन चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबावे. दोन्ही नळ्यांना पुन्हा हात लावून पाहावा. गाडी नेहरूनगर चौकातून दुर्गच्या बाजूला दोन-चार मैल नेऊन आणावी, तापलेली असताना रेडिएटरच्या झाकणाला स्पर्श करू नये, रात्रभर ती निवू द्यावी आणि सकाळी पातळी पाहावी. थोडी उतरलेली असेल तर अडकलेली हवा निघून गेली असे समजून भर घालावी. दुसऱ्या सकाळी तितकीच उतरली, तर झाकण, तोटी आणि पट्टे पाहावेत. तिसऱ्या सकाळी गालिच्याखाली ठेवलेला पांढरा कागद कोरडा निघाला, म्हणजे गालिचा परत अंथरण्यास हरकत नाही.